ताईची ऑटोमॅटिक गाडी आणि गिअरबॉक्सचं तेल

ऑटोमॅटिक गाडीला क्लच दाबायचा नसतो, गिअर टाकायचा नसतो, म्हणून तिच्या गिअरबॉक्सकडे बघायचंही नसतं, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल थोडं कमी पडलं तर तो आवाज करत का होईना, गाडी ओढत राहतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जायची वाटच तेलातून जाते. तिथे तेल कमी पडलं की गाडी ओढायलाच तयार होत नाही. त्यामुळे हे तेल बघायला प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सवर झाली. पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, तेलाचं प्रेशर यातच हयात गेली. गाड्यांचा मिस्त्री मी नव्हे. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडलेला पहिल्यांदा बघितला तेव्हा लक्षात आलं की हे आपल्याच खात्यातलं काम आहे. खाली चेंबर, त्यात तेल, तेल ओढणारा पंप, पुढे बारीक नाल्यांची व्हॉल्व्ह बॉडी, आणि तिथून प्रेशर गेलं की आवळले जाणारे क्लच. आमच्या प्रेसला तेलाचं प्रेशर पुरवणारा पॉवरपॅक याच पद्धतीने चालतो.

गाडी माझ्या थोरल्या बहिणीची. ताईच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे क्लचची गाडी तिला कधीच चालवता आली नाही. वाईत राहून पाचगणीला शाळेत शिकवायचं म्हणजे वर्षानुवर्षं एसटी नाहीतर वडापची जीप, आणि पावसाळ्यात पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरसह चिखलातून चढ-उतार. मग तिने जुनी आय-टेन ऑटोमॅटिक घेतली, १.२ लिटर इंजिनाची, चार गिअरची. तेव्हापासून ती पसरणीचा घाट स्वतः चढते-उतरते. या गाडीचा गिअरबॉक्स बसला तर ताई घरात बसेल, एवढा सरळ हिशेब आहे. म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

तक्रार अशी सुरू झाली. सकाळी गाडी अंगणातून मागे घेताना आर (रिव्हर्स) टाकला की क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग धप्पकन झटका देऊन गाडी मागे जायची. नंतर घाटात, वळणावर, इंजिनाचा आवाज एकदम वाढायचा पण गाडीचा वेग वाढायचा नाही. सरळ रस्त्याला लागली की पुन्हा ठीक. ताईने एका गॅरेजात दाखवली. तिथे सांगितलं, ऑटोमॅटिकचं तेल बघायचं नसतं, ते सीलबंद असतं, गिअरबॉक्सच उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून ताईने गाडी विकायची भाषा सुरू केली.

'फक्त वळणावर' हे शब्द मी ऐकले आणि मला पुढचं दिसायला लागलं. वळणावर चेंबरमधलं तेल एका बाजूला पळतं. पातळी कमी असेल तर पंपाचं तोंड तेवढ्यापुरतं उघडं पडतं आणि पंप हवा घेतो. तेल दाबल्यावर आक्रसत नाही म्हणून त्यातून प्रेशर पुढे पोचतं. हवा मात्र आक्रसते. हवेचे बुडबुडे आत गेले की क्लच नीट आवळला जात नाही, घसरतो, इंजिन मोकळं पळतं आणि घसरणाऱ्या क्लचची उष्णता परत त्याच तेलात जाते. प्रेसवर हे मी असंख्य वेळा ऐकलंय. पंप हवा घ्यायला लागला की त्याचा आवाजच बदलतो. सकाळच्या उशिराचंही कारण तेच असणार. रात्रभर उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं तेल थोडं खाली उतरतं, आणि सकाळी आधीच कमी असलेल्या तेलातून पंपाला ते पुन्हा भरावं लागतं.

या गाडीला गिअरबॉक्सचा वेगळा गेज, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, आहे. बॉनेट उघडलं की इंजिन ऑइलचा गेज चटकन दिसतो. हा दुसरा बॅटरीच्या बाजूला, पाइपांच्या मागे खोल बसलाय. माहीत नसेल तर गाडी विकेपर्यंत दिसणार नाही.

बघायची पद्धत इंजिन ऑइलपेक्षा अगदी वेगळी आहे. इंजिन ऑइल आपण गाडी बंद करून, तेल खाली उतरू देऊन बघतो. इथे तेल गरम हवं आणि इंजिन चालू हवं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपुस्तकात, तेलाचं तापमान ७० ते ८० अंश दिलंय, म्हणजे नेहमीसारखी साधारण दहा मिनिटं चालवून आलेली गाडी. गरमच का, याचा हिशेब सोपा आहे. असलं तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. सकाळच्या २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं तर चार टक्क्यांच्या पुढे. गिअरबॉक्समध्ये सहा लिटर तेल धरलं तर अडीचशे मिलीचा फरक नुसत्या तापण्याने पडतो, आणि गेजवरच्या खुणांमधलं अंतर बघता हा फार मोठा आकडा आहे. थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरलेलं तेल घाटात गेल्यावर कुठवर चढेल, याचा विचार करा.

इंजिन चालू ठेवायचं कारण म्हणजे पंप. पंप फिरत असतो तोवर कन्व्हर्टर, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या, व्हॉल्व्ह बॉडी सगळं भरलेलं असतं आणि चेंबरमध्ये उरतं ती खरी पातळी. इंजिन बंद केलं की बरंचसं तेल खाली येतं आणि गेज खोटंच भरपूर दाखवतो. याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. होंडाच्या गेजवाल्या ऑटोमॅटिक गाड्यांत गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असं मॅन्युअल सांगतं. त्यामुळे शेजारच्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लावू नये. आपलं मॅन्युअल उघडून बघावं.

आम्ही वाईच्या बाहेर एका सपाट जागी गाडी लावली. सपाटी महत्त्वाची, कारण थोडा उतार असला तरी गेज फसवतो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. ताई आत, ब्रेकवर पाय ठेवून, आणि मी बॉनेटपाशी, पण गाडीच्या समोर नव्हे, बाजूला.

"ताई, आर टाक. थांब थोडं. आता एन. आता डी."

"अरे, गाडी पुढे जायची!"

"ब्रेक दाबून ठेव गं. नाही जात. आता खालचे टाक, आणि सावकाश परत पी."

एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे जायचा गिअर, पी म्हणजे पार्किंग. असं प्रत्येक गिअरवर दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर एकदा पूर्ण फिरवायचा, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग लिव्हर पीमध्ये, इंजिन आयडलला, आणि गेज बाहेर. हात घालताना बाही वर, गळ्यात काही लोंबतं नको. पंखा कधीही सुरू होतो, आणि एक्झॉस्टची नळी जवळच तापलेली असते.

पहिला बाहेर काढलेला गेज वाचायचाच नाही, कारण नळीला लागलेलं तेल त्यावर वरपर्यंत माखलेलं असतं. पुसायचा, पूर्ण आत घालायचा, परत काढायचा. पुसायला मी चष्म्याचं घट्ट विणीचं फडकं घेतो. जुन्या सुती चिंधीचे धागे सुटतात, आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या नाल्या इतक्या बारीक असतात की तिथे एखाद्या धाग्यानेही व्हॉल्व्ह अडू शकतो. प्रेसवर हा धडा आम्हाला पहिल्याच वर्षी देतात.

दुसऱ्यांदा काढलेला गेज मी आडवा धरला, टोक किंचित खाली. खालच्या बाजूला 'सी'ची (थंड तेलाची) जागा, वर 'हॉट'च्या (गरम तेलाच्या) दोन खाचा. 'सी'ची जागा फक्त अंदाजासाठी असते, तिच्यावर भरवसा ठेवून तेल ओतायचं नाही. गेजच्या दोन्ही बाजू बघितल्या. एका बाजूला तेल जास्त वर दिसत होतं, दुसरीला कमी; अशा वेळी कमी दिसेल तेच खरं, कारण वरचा ओघळ नळीचा असतो. आमचं तेल गरम असूनही 'हॉट'च्या खालच्या खाचेपर्यंत पोचलं नव्हतं. पातळ, तपकिरी लाल कड, आणि वर कोरडी चकचकीत पट्टी.

आता रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. नवं तेल लाल असतं. तो लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, इंजिन ऑइल किंवा कूलंटशी गल्लत होऊ नये म्हणून. तो टिकत नाही. गाडी चालत जाते तसं तेल गडद होतं, हलकं तपकिरीही होतं, आणि एवढ्यावरून ते खराब झालं असं म्हणता येत नाही. मी गेजवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपतो. थेंब पसरून कडेला तांबूस वर्तुळ करत असेल आणि मध्ये काळा ठिपका राहत नसेल तर ठीक. मध्ये काळं, चिकट साचत असेल, बोटांत चोळल्यावर बारीक कच लागत असेल, आणि करपल्याचा उग्र वास येत असेल, तर क्लचचं अस्तर जळतंय. नुसतं तेल वाढवून ते काम भागणार नाही. आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी चालू करूच नका. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. आतली भिंत फुटली की कूलंट तेलात जातं, आणि पाण्याने क्लचचं अस्तर सुटायला लागतं.

ताईच्या गाडीचा थेंब तपकिरी होता पण स्वच्छ, करपट वास नव्हता. मला हायसं वाटलं. खराबी गंभीर होण्याआधी आम्ही पोचलो होतो.

तेल कोणतं, यात तडजोड नाही. ह्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे एसपी-थ्री जातीचं तेल लागतं. दुकानात नुसतं "ऑटोमॅटिकचं तेल द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पॉवर स्टिअरिंगला, ट्रॅक्टरला वापरतात ते टाइप एचं लाल तेल समोर येतं. तेही लालच, तेही एटीएफच (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). पण क्लच आवळला जाताना तो कसा धरायचा, किती सरकून धरायचा, हे तेलातल्या रसायनांवर ठरतं, आणि प्रत्येक गिअरबॉक्स त्या विशिष्ट पकडीचा हिशेब करूनच बनवलेला असतो. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, फोर्डचं मर्कॉन, टोयोटाचं टी-फोर आणि नंतरचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-वन, ही सगळी नावं याच कारणाने वेगवेगळी झाली. हा घर्षणाचा प्रश्न इतका नाजूक की अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलची चरबी वापरत. देवमाशांच्या शिकारीवर कायद्याने बंधनं आली तेव्हा तेल बनवणाऱ्यांना तिच्या जागी चालेल असं दुसरं रसायन शोधावं लागलं. कन्व्हर्टरची मूळ कल्पनाही रस्त्यावरची नाही. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ती जहाजांसाठी काढली, टर्बाइनचा वेग पंख्याला योग्य करून द्यायला. समुद्रातली विद्या आज पसरणीच्या घाटात ताईला वर नेते, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

एसपी-थ्रीचा सीलबंद डबा साताऱ्यात स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला आणि डब्यावरचं नाव मॅन्युअलशी ताडून बघितलं. सुट्टं तेल घेऊ नका, पिंपातलं तर नकोच.

ओतायची वेगळी जागा नसते. गेज ज्या नळीत बसतो तिथूनच तेल घालायचं. लांब, बारीक तोंडाचं नरसाळं लागतं. माझ्याकडे नरसाळ्याला पारदर्शक नळी जोडलेली आहे, ती आधी धुऊन पूर्ण वाळवली. शंभर मिली ओतलं, तेल खाली उतरायला थोडा वेळ दिला, ताईने पुन्हा लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवला, गेज पुसून बघितला. मग परत थोडं. ओतल्यावर लगेच बघितलं तर नळी ओली असते आणि काहीच वाचता येत नाही, म्हणून इथे घाई करून उपयोग नाही. साधारण ४०० मिली गेल्यावर तेल 'हॉट'च्या दोन खाचांच्या मध्ये आलं. मी तिथेच थांबलो. वरच्या खाचेपर्यंत नेण्याचा हट्ट धरायचा नाही.

जास्त झालेलं तेल कमी तेलाइतकंच वाईट. पातळी वर गेली की फिरणारे गिअर त्यात बुडतात, तेल घुसळून फेस करतात, फेसात हवा, आणि मग क्लच परत घसरायला लागतो. लक्षणं कमी तेलासारखीच दिसतात, त्यामुळे माणूस अजून तेल ओततो. वरच्या हवेच्या छिद्रातून तेल बाहेरही येतं. चुकून जास्त गेलंच तर नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने ओढून काढा. "चालवून चालवून कमी होईल" असं म्हणू नका.

गाडी त्याच संध्याकाळी घाटात नेली. वळणांवर इंजिन मोकळं पळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आर लगेच पडला.

पण काम इथे संपत नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. इंजिन थोडं तेल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. तो बंद घेर आहे. चारशे मिली कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गळालं. मी इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून घेतलं. त्यावर घाटातली लाल माती तेलात भिजून घट्ट लेप झाली होती, म्हणून जमिनीवर थेंब पडतच नव्हते आणि गळती कुणाला दिसली नव्हती. सगळं पुसून कोरडं केलं, गाडी एक फेरी मारून आणली आणि टॉर्च घेऊन खाली गेलो. रेडिएटरच्या खालच्या बाजूला, कूलरच्या रबरी होसच्या क्लिपपाशी एक लाल थेंब तयार होत होता. होस हाताने दाबून बघितला तर दगडासारखा कडक, टोकाला बारीक भेगा.

होस बदलताना एक गोष्ट मी तिथल्या मिस्त्रीला आवर्जून सांगितली. रेडिएटरच्या पाण्याचा होस इथे लावायचा नाही. पाण्याच्या होसचं रबर तेलात फुगतं, मऊ होतं, आणि मग क्लिप कितीही आवळा, ते टिकत नाही. इथे तेलाला टिकणारं नायट्राइल रबर लागतं, आणि तेही गरम तेल सोसणारं. मी माझ्या ओळखीच्या हायड्रॉलिकच्या दुकानातून तसा तुकडा आणला, दोन्ही क्लिपा नव्या लावल्या. होस बदलताना सांडलेल्या तेलापुरतं पुन्हा थोडं वाढवलं, परत तीच पद्धत, परत गरम गाडी.

काही दिवसांनी तेलही बदलून घेतलं. चेंबरचा नट काढला की सगळं तेल येत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून खाली आलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजायचं आणि तेवढंच नवं घालून मग गेजने बारीक हिशेब जुळवायचा. जुनं तेल डब्यात भरून वर्कशॉपच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात दिलं. गटारात किंवा अंगणात ओतायची ही वस्तू नव्हे. मॅन्युअलमध्ये डोंगराळ रस्त्यासारख्या कठीण वापराचं वेगळं कोष्टक असतं. रोज पसरणी चढणारी गाडी त्याच कोष्टकात बसते, सरळ हायवेवाल्याचा हिशेब तिला लावायचा नाही.

हे सगळं वाचून कुणी आपल्या गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे ते बघून घ्या. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे ज्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्या वाढल्या, त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो. क्लच आणि गिअर यंत्र टाकतं एवढंच. त्यात साधं गिअर ऑइल आणि टाकणाऱ्या यंत्राचं वेगळं तेल असतं. तिथे लाल एटीएफ ओतायचं नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, सीव्हीटीचंच तेल लागतं, कारण तिथे धातूचा पट्टा पुलीवर पकड धरून चालतो.

आणि अनेक नव्या गाड्यांना गेज नसतोच. तेल बघायचं तर गाडी रॅम्पवर सपाट उचलायची, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं, आणि ते ठरलेल्या मर्यादेत असताना लेव्हलचा प्लग उघडून तेल बारीक धारेने येतंय का बघायचं. हे घरी करायचं काम नाही. "आयुष्यभराचं तेल" या शब्दांवर मात्र विसंबू नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ठरावीक किलोमीटरनंतर तेल बदलायला सांगते. गॅरेजवाल्याला काम देण्याआधी एवढंच विचारा, की माझ्या गाडीत पातळी किती अंशांना बघतात आणि कोणतं तेल घालणार. आकडा आणि तेलाचं नाव न अडखळता आलं तर किल्ली द्या. "सगळं एकच असतं हो" असं उत्तर आलं, तर गाडी पुढच्या गॅरेजात न्या.